बन्सीमामाचा अंधार

दौंडच्या लीला टॉकीजमध्ये दुपारी बाराचा खेळ लागायच्या आधी पाव तास बन्सी ओव्हाळ अंधार करायला घ्यायचा. अंधार करायला काय लागतं, दिवे बंद केले की झालं, असं ज्याला वाटत असेल त्याने लीला पाहिलेली नाही. ही इमारत मुळात सिनेमासाठी बांधलेलीच नव्हती. नाटकांसाठी बांधलेलं ते लीलाविहार नाट्यगृह, गावात वीज नव्हती त्या काळातलं. बांधणाऱ्याला वारा हवा होता, उजेड हवा होता, म्हणून त्याने दोन्ही भिंतींत छपराच्या खाली अकरा-अकरा झरोके ठेवले. पुढे तिथं सिनेमा आला आणि बावीसच्या बावीस झरोके सगळ्यांच्या डोळ्यांत खुपायला लागले. मग त्यांना पत्रा ठोकलेल्या लाकडी झडपा बसल्या, प्रत्येक झडपेला एक सुती दोर आला, आणि दोराच्या खालच्या टोकाला एक माणूस. तो माणूस म्हणजे आधी बन्सीचा बाप आणि गेली चाळीस वर्षं स्वतः बन्सी.

दोर ओढायचा, भिंतीतल्या आकड्याला दोन वेढे द्यायचे, पुढच्या दोराकडे जायचं. मध्यंतराला निम्म्या झडपा उघडायच्या म्हणजे आतला उबारा बाहेर जातो, आणि घंटा झाली की परत बंद. एखादी झडप नीट बसली नाही तर उन्हाची तिरीप पडद्यावर पडते आणि नायिकेच्या गालावर डाग दिसतो. अशी तिरीप शोधायची बन्सीची तऱ्हा वेगळी होती. तो पडद्याकडे बघायचाच नाही. भिंतीपासून दोन हात अंतरावरून तळवा पसरून चालायचा, आणि जिथं हाताला ऊब लागली तिथं वर झडप उघडी आहे हे ओळखायचा. बघणारे म्हणायचे, याला म्हणतात कसब. कसब होतंच, पण त्यामागे दुसरंही एक कारण होतं. ते सांगण्याआधी इमारतीची ओळख करून देतो, कारण या गोष्टीत माणसाइतकीच ती महत्त्वाची आहे.

दौंड म्हणजे जंक्शन. नाटक कंपन्या सोलापूरकडून मनमाडकडे निघाल्या की इथं गाडी बदलायच्या, आणि पुढची गाडी कधी कधी दुसऱ्या दिवशी मिळायची. राजे, राण्या, राक्षस आणि त्यांचा स्वयंपाकी, सगळं बिऱ्हाड फलाटावर जांभया देत पडलेलं असायचं. गावातल्या एका धान्याच्या व्यापाऱ्याने ते पाहिलं आणि ठरवलं, एवीतेवी मुक्काम पडतोच आहे तर इथं खेळ का करू नये? त्याने नाट्यगृह बांधलं. छपराला तुळया म्हणून रेल्वेचे भंगारात निघालेले रूळ घातले. वर घोड्याच्या नालेसारखा वळलेला माळा काढला. त्याची डावी बाजू बायकांची. त्यांना पुरुषांच्या गर्दीतून यायला नको म्हणून मागच्या बोळातून एकोणीस पायऱ्यांचा लाकडी जिना दिला. रंगमंचाच्या कमानीवर चुन्याचे दोन मोर बसवले. आणि पुढच्या रांगांवर कापडाचा भला मोठा पंखा टांगून त्याचा दोर भिंतीतल्या भोकातून बोळात काढला.

त्या भोकाच्या बाहेरच्या बाजूला बन्सीचा आजा तात्याबा वीस वर्षं बसला. पंखा ओढायला त्याचा हात चालत होता, पण तो महारवाड्यातला, म्हणून आत पाऊल ठेवायची सोय नव्हती. त्याने सगळी नाटकं त्या भोकातून ऐकली. कुठला नट दमलाय, कुणाला खोकला झालाय, हे त्याला तिकीट काढून बसलेल्यांच्या आधी कळायचं. पुढे नाटकं बंद पडली, व्यापाऱ्याने गाशा गुंडाळला, आणि रेल्वेचे ठेकेदार असलेल्या एका मुसलमान गृहस्थांनी ती वास्तू घेऊन टॉकीज केली. तिकीट काढील त्याला खुर्ची, असा त्यांचा हिशेब. पहिल्या दिवशी तात्याबाने चार आण्यांचं तिकीट काढलं आणि पहिल्या रांगेत जाऊन बसला. पडद्यावर माणसं बोलत होती, गात होती. तात्याबा मान वर करून छपराकडे बघत राहिला. आपण वीस वर्षं नेमकं काय ओढलं, ते त्याला आधी बघायचं होतं.

टॉकीज करताना फार तोडफोड केली नाही, पण जे केलं ते आपल्या गावच्या पद्धतीने. नाटकाची जमीन सपाट होती, मागच्यांना पडदा दिसेना, म्हणून मागे मुरूम भरून उतार केला. त्यामुळे मागची दारं गुडघ्याइतकी खाली गेली आणि तिथून बाहेर पडताना दोन पायऱ्या उतराव्या लागू लागल्या. श्रीमंतांच्या बैठकीची मशीनची केबिन झाली, नटांच्या रंगपटात पोस्टरं गेली. पडदा कमानीत बसवला तो जरा उंच झाला, त्यामुळे मोरांच्या फक्त माना वर राहिल्या. आजही कुठलाही सिनेमा लागो, ते दोघे वरून वाकून बघत असतात. आणि माळ्याखालचा एक सागवानी खांब ऐन मधोमध आला. त्याच्यामागच्या दोन खुर्च्यांवरून निम्माच पडदा दिसतो. त्या खुर्च्या अर्ध्या दरात जायच्या, आणि ज्यांना पडद्यात रस नाही अशी नवी जोडपी त्या आवर्जून मागून घ्यायची. बन्सीने सुरेखाला लग्नानंतर पहिला सिनेमा तिथंच बसून दाखवला होता. सिनेमाचं नाव दोघांनाही आठवत नाही.

आता ते कारण. बन्सीला दिसत नव्हतं.

चार वर्षांपूर्वी तो शिरूरला मुलाकडे, विनोदकडे गेला होता तेव्हा कुणाला न सांगता एका डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आला. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली टिकावी म्हणून रोज थेंब घाला. उरलेली म्हणजे किती? सुईच्या नेढ्यातून पाहावं तितकी, आणि तीसुद्धा भर उन्हात. सावलीत आलं की तीही जायची. बन्सीने थेंबांची बाटली पोस्टरच्या खोलीत लपवली. बायकोला सांगितलं, "मोतीबिंदू हाय, पिकू दे, मग काढू." ती बिचारी दर दिवाळीला विचारायची, पिकला का?

खरी गोष्ट सांगितली तर काय होईल हे त्याला पक्कं ठाऊक होतं. विनोद दुसऱ्याच दिवशी गाडी घेऊन येणार आणि शिरूरच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये नेऊन बसवणार. पोरगा चांगला, सून त्याहून चांगली. पण त्या घरात बन्सी तीन दिवस राहिला होता तेव्हा दर तासाला त्याचा गुडघा कशाला तरी आपटत होता. लीलात तसं नव्हतं. लीलात अंधार झाला की सगळेच आंधळे, आणि त्या सगळ्या आंधळ्यांत वाट ठाऊक असलेला एकटा बन्सी. कुठल्या रांगेला किती पावलं, कुठल्या खुर्चीचा हात मोडलाय, सगळं त्याच्या पायांना पाठ. तिथं तो कुणाच्या आधाराचा नव्हता, उलट लोकच त्याच्या मागून चालायचे. ते गेलं असतं तर बन्सीजवळ बन्सी म्हणावं असं काही उरलं नसतं.

तिकिटावरचा नंबर मात्र पायांना वाचता येत नाही. त्यावर बन्सीने जो तोडगा काढला तो ऐकून हसावं की रडावं कळत नाही. त्याने बहिरेपण घेतलं. लोकांनी तिकीट पुढं केलं की कानाला हात लावून म्हणायचा, "काय? मोठ्यानं बोला की, किती नंबर?" मग माणूस ओरडायचा, "बारा! डी बारा!" आणि बन्सी त्याला बरोबर डी बाराला नेऊन बसवायचा. इतक्या तिखट कानाचा माणूस साऱ्या दौंडात नसेल, आणि तोच चार वर्षं बहिऱ्याचं सोंग वठवत होता. चहा आणणारा ओरडायचा, मशीनवरचा गोकुळ ओरडायचा. स्वतः मालक नौशादभाई, जे बन्सीबरोबर याच टॉकीजच्या अंगणात गोट्या खेळून मोठे झाले, तेही घसा ताणून बोलायचे. बन्सीला वाटायचं, चला, सोंग जमलं.

मग जास्मिन आली. नौशादभाईंची ही मुलगी पुण्यात आर्किटेक्ट होऊन आली होती. दिवसाला तीस-चाळीस प्रेक्षकांवर टॉकीज चालत नाही, म्हणून नौशादभाईंनी लीला नव्याने करायचं मनावर घेतलं होतं आणि नकाशे काढायला लेकीलाच बसवलं. ती लाल ठिपक्याच्या यंत्राने भिंती मोजू लागली आणि पहिल्याच दिवशी बन्सीला म्हणाली, "बन्सीमामा, ह्या इमारतीतलं तुमच्याइतकं कुणाला माहीत नाही. मला सगळं दाखवायचं."

"काय करनार हाईस तू?" बन्सीने विचारलं. गडबडीत तो बहिरा असल्याचं विसरला होता.

"उतार काढून नवा करायचा. मागच्या दोन पायऱ्या जातील. दारातून आत यायचं बोळकांडं सरळ करायचं. खुर्च्या नव्या, जिना नवा."

ती एकेक नाव घेत होती आणि बन्सीच्या पायाखालची एकेक वाट जात होती. त्या दिवशी दोर बांधताना एका आकड्याला त्याने पहिल्यांदाच एकच वेढा दिला.

पण दोन दिवसांत एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. ज्या वस्तूला काही इतिहास आहे, ती वस्तू ही पोरगी पाडत नाही. तात्याबाच्या पंख्याचं भोक त्याने दाखवलं, दोराने दगडात पडलेली खाच तिच्या बोटाखाली ठेवली, तेव्हा तिने त्या खाचेवरून पुन्हा बोट फिरवलं आणि म्हणाली, "हे राहणार, मामा. ह्याला हात लावणार नाही." बन्सी घरी गेला आणि विचार करत झोपला. उठला तो इतिहास रचायला लागला.

मागच्या दाराच्या दोन पायऱ्यांवर, म्हणे, नाटक कंपन्या पहिल्या घंटेआधी नारळ फोडायच्या. वास्तविक त्या पायऱ्या नाटकं बंद पडल्यावर झालेल्या. नारळ फोडायला कंपनी उरली कुठं होती! मधला खांब बर्माहून बोटीने आला होता आणि बोट बुडाली तरी तो तरंगत किनाऱ्याला लागला. बोळकांडं तिरपं का? तर एका नाटकात खरा हत्ती आणला होता, त्याला वळायला जागा हवी म्हणून. जास्मिन डोळे मोठे करून ऐकायची आणि नकाशावर बाण काढून लिहायची. बन्सी मुळात खोटं बोलणारा माणूस नव्हे. त्यामुळे सुरुवातीला त्याची जीभ अडखळायची. मात्र हत्तीपर्यंत पोचेस्तोवर त्याला चांगलीच गोडी लागली होती.

शेवटी बायकांच्या जिन्याची पाळी आली. हा जिना लोकांसाठी वर्षानुवर्षं बंद होता. बायका केव्हाच पुरुषांबरोबर खाली बसायला लागल्या होत्या, वर फक्त बन्सी जायचा, झडपांना तेल द्यायला. माळ्यावरचा त्याचा सगळा हिशेब त्या जिन्यावरूनच सुरू व्हायचा; एकोणीस पायऱ्या, मग डावीकडे सात पावलं, मग पहिली झडप. आणि त्याला ठाऊक होतं की अकरावीपासून चौदावीपर्यंत पायऱ्यांना आतून वाळवी लागली आहे. वरून दरसाल ऑइलपेंट बसल्यामुळे दिसायला जिना धडधाकट होता. बन्सी चढायचा तो भिंतीच्या कडेला पाय दाबून, तिथं लाकूड अजून शाबूत होतं.

"हा कसा आहे, मामा?" जास्मिनने खालच्या दोन-तीन पायऱ्यांवर पाय आपटून विचारलं.

"सागवान हाय, पोरी. मी रोज चढतो. शंभर वर्षं काय व्हनार न्हाई त्याला."

हे बोलून झाल्यावर त्याला बरं वाटलं नाही. उद्या सांगू, काम सुरू व्हायच्या आधी सांगू, असं तो मनाशी म्हणाला. पुढच्या दिवशीही तो हेच म्हणाला.

या खोट्याचं पुढे काय होणार हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं. जास्मिनला तो जिना इतका आवडला की तिने वडिलांजवळ हट्ट धरला. टॉकीज कामासाठी बंद करायच्या आधी एक खेळ असा करू, की वॉर्डातल्या बायकांना बोलवायचं आणि जुन्या काळासारखं त्याच जिन्याने वर माळ्यावर नेऊन बसवायचं. नौशादभाईंनी हो म्हटलं. सुरेखाच्या बचत गटाला निरोप गेला. ठरल्या रविवारी दुपारी बोळात पन्नासेक बायका जमल्या, ठेवणीतली लुगडी, साड्या, कुणाकडे शेंगा, कुणाच्या कडेवर नातवंड. जास्मिन खाली उभी राहून फोटो काढत होती. सगळ्यांच्या पुढं अर्थातच सुरेखा; नवरा टॉकीजमध्ये आणि ती मागून चढणार, असं कसं होईल?

बन्सीला वाटलं होतं, बायका पुढच्या दारानं येतील आणि आतल्या अरुंद जिन्याने वर जातील. बोळातला जिना उघडल्याचं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. जास्मिनला त्याला चकित करायचं होतं. तो आत दोर बांधत होता. चौदावा दोर ओढला आणि भिंतीपलीकडून त्याला पावलं ऐकू आली. एक, दोन, चार, खूप पावलं. चांगलं लाकूड पायाखाली करकरतं. पोखरलेलं लाकूड करकरत नाही, ते भद्द वाजतं. बन्सीने तो भद्द आवाज ऐकला आणि त्याच्या हातून दोर सुटला. झडप धाडकन उघडली.

चार वर्षांत बन्सी कधी धावला नव्हता. त्या दिवशी धावला. आतली वाट पाठ होती तोवर ठीक, पण दारातून बाहेर, अंधारातून एकदम उन्हात आला आणि डोळ्यांपुढे नुसतं पांढरं झालं. बोळात लावलेल्या सायकलींवर तो आदळला, उठला, भिंत चाचपत पुढं गेला. "थांबा! कुनी वर जाऊ नका! खाली या, भिंतीच्या कडंनं, एकेक करून खाली या!"

बायकांना वाटलं आग लागली. एकच गलका झाला. सुरेखा अकराव्या पायरीवर फोटोसाठी थांबली होती, ती तिथूनच ओरडली, "आवं काय झालं? केवढं लागलंय तुमाला!"

"तू आधी खाली ये!"

सगळ्या उतरल्याची खात्री झाल्यावर बन्सी स्वतः चढला. कडेकडेने अकरावीपर्यंत गेला, कठडा धरला आणि बाराव्या पायरीवर मधोमध टाच हाणली. पायरी आत गेली, त्याचा पाय पोटरीपर्यंत आत गेला, आणि खाली उभ्या असलेल्या बायकांच्या अंगावर भुगा पडला. मग एका म्हातारीने कडेवरच्या नातवाला घट्ट धरलं आणि रडायला लागली.

जास्मिन जिन्याच्या पायथ्याशी आली. "मामा, तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय."

"मग मला का सांगितलं की—"

"खोटं सांगितलं. हत्तीचंबी खोटं, नारळाचंबी खोटं." पायातून रक्त येत होतं, तो तिथंच पायरीवर बसला. "तू समदं बदलनार व्हतीस. बदललंस तर मला चालता येनार न्हाई. मला दिसत न्हाई, पोरी. चार वर्षं झाली."

पन्नास बायकांसमोर बोलला. ज्यासाठी चार वर्षं जिवाचा आटापिटा केला, ते असं भर दुपारी बोळात सांगून मोकळा झाला. सुरेखा कडेकडेने वर चढून त्याच्याजवळ गेली. पदराची पट्टी फाडून त्याची पोटरी बांधली, गाठ मारली. मग इतक्या हळू आवाजात बोलली की ते फक्त त्यालाच ऐकू गेलं. "समद्या गावाला सांगितलंत. आन् मी दर दिवाळीला पिकला का म्हनून इचारत बसले. मला न्हाई सांगितलंत."

तिने त्याचा हात हातात घेतला तर त्याने सवयीने तो सोडवून घेतला. टॉकीजच्या आवारात त्याला कुणी धरून नेलेलं त्याला चालत नसे.

खेळ रद्द झाला. बायका घरी गेल्या. संध्याकाळी नौशादभाई आत आले तेव्हा बन्सी डी रांगेत बसला होता. चारचौघांत तो त्यांना शेठ म्हणायचा, पण दोघेच असले की लहानपणचं अरे-तुरे. नौशादभाई शेजारच्या खुर्चीत बसले.

"मला ठाऊक होतं, बन्सी," ते म्हणाले.

"काय?"

"करोनाची टाळेबंदी उठल्यावर आपण टॉकीज उघडली, तवा मी वाळूच्या नव्या बादल्या ठेवल्या होत्या भिंतीला. तू सरळ त्यात गेलास. उठलास, आन् कुनी बघितलं का म्हनून मान फिरवलीस. मी तुझ्या समोर दोन हातांवर उभा होतो यार. तुला दिसलो न्हाई."

बन्सीचा हात नकळत नडगीवर गेला.

"त्या दिवशीच सगळ्यांना सांगितलं. लीलातली एक वस्तू हलता कामा नये. झाडू जिथला तिथं, बादली जिथली तिथं. गोकुळ रोज तू यायच्या आधी सगळ्या वाटा बघून घेतो. पुण्याहून नव्या खुर्च्या आल्या होत्या ना, आवडल्या न्हाईत म्हनून परत पाठवल्या? चांगल्या होत्या. रांगेत दोन कमी बसत होत्या, तुझी पावलं चुकली असती." नौशादभाईंनी घसा साफ केला. "आन् तू बहिरा न्हाईस हेबी सगळ्यांना ठाऊक हाय. चार वर्षं उगाच ओरडतोय आम्ही. माझा घसा बसला."

बन्सीला आधी राग आला. खोटं का सांगावं, रागच आला. त्याला वाटत होतं आपण ह्या अंधाराचे राजे आहोत, आणि इथं दहा माणसं त्याच्या येण्याआधी त्याचा अंधार नीट लावून ठेवत होती. आपली पावलं चुकत नाहीत याचा त्याला केवढा गर्व होता! ती चुकू नयेत म्हणून एक अख्खी टॉकीज जागच्या जागी थांबून राहिली होती, प्रेक्षक कमी होत गेले तरी. मग त्याचा राग कुठं गेला कळलं नाही. डोळे बघायच्या कामाचे उरले नव्हते, रडायच्या कामाचे होते.

"मग ह्या पोरीला आनलीस कशाला?" त्याने डोळे पुसत विचारलं.

"आता निभत न्हाई, बन्सी. बदलायची, न्हाईतर कुलूप घालायचं. तुला सांगायची हिंमत होत न्हवती. आता तूच सांग. तू न्हाई म्हनलास तर कुलूप घालतो. खरंच घालतो."

बन्सीने खुर्चीचा मोडका हात चाचपला. डी बाराचा. वर झरोक्यांतून येणारा वारा त्याला कळत होता. दुपारी सुटलेली झडप अजून उघडीच होती.

"बदल," तो म्हणाला. "माझ्या पायासाठी का टॉकीज मारतोस? बदल. मी नवं शिकंन."

दुसऱ्या दिवशी जास्मिन नकाशा घेऊन आली. म्हणाली, मामा, आता खरं काय आणि खोटं काय ते एकेक सांगा. बन्सी सांगत गेला, ती खोडत गेली. पंख्याचं भोक राहिलं, रूळ राहिले, मोर राहिले. खांबाशी ती थांबली. बर्मा आणि बोट खोडली, आणि त्यांच्या जागी लिहिलं, 'बन्सीमामा आणि सुरेखामामी, पहिला सिनेमा'. हे तिला सुरेखानेच सांगितलं होतं. बन्सी लाजला. साठीच्या माणसाने इतकं लाजू नये.

काम तीन महिने चाललं. बन्सी रोज जाऊन बसायचा. गवंडी, सुतार, बिहारकडची फरशीवाली पोरं, सगळ्यांना त्याची सवय झाली. उतार ओला होता तेव्हाच जास्मिनने त्यावर फळ्या टाकून त्याला चालवलं. एका जागी तो थांबला आणि म्हणाला, इथं पाय पुढं पळतोय. तिने पाणसळ लावून पाहिली, दोन बोटांचा फरक निघाला. तेवढा भाग फोडून पुन्हा केला. तरी नवं ते नवंच. पहिल्या आठवड्यात बन्सी दोनदा पडला, एकदा रंगाच्या डब्यात पाय घातला, आणि सगळ्यांवर असा डाफरला की गोकुळ तीन दिवस समोर आला नाही.

फाल्गुनात जिना पुरा झाला. काँक्रीटचा, रुंद, दोन्ही बाजूंना कठडा. उद्घाटनाला आठ दिवस होते. सुरेखा त्याच्याबरोबर आली होती. खाली कामगार चहा पीत होते, नौशादभाई दारात उभे होते, जास्मिन कुणाशी तरी फोनवर भांडत होती. बन्सी एकटाच वर गेला आणि एकटाच खाली आला. जिना संपला समजून त्याने पाय टाकला, अजून एक पायरी होती, आणि तो सगळ्यांसमोर झोकांडला. कुणी पुढं आलं नाही. त्याला ते आवडत नाही हे सगळ्यांना माहीत होतं.

"किती मोजल्या?" सुरेखाने विचारलं.

"सतरा."

"अठरा हायत. मी बघितल्यात."

"सतरा."

"बरं, सतरा," ती म्हणाली. "पडा मग."

दारातून येणारा चहाचा वास, कामगारांचं बोलणं, त्यावरून सगळी माणसं कुठं कुठं आहेत ते बन्सीला नीट कळत होतं. सगळे आपल्याकडेच बघत आहेत हेही कळत होतं.

"चल, परत मोजू," तो म्हणाला, आणि तिच्याकडे हात पुढं केला.